पहिला सूर

स्ट्रुमित्सा, रविवार

आईला नाउमचा सप्रेम सलाम.

मी वेळेवर जेवतो, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या ग्रोझ्दासाठी मेणबत्ती लावली का, असं तू विचारलंस. आमच्या मेथडिस्ट मंडळीत मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावत नाहीत. त्यांना देवाच्या कृपेवर सोपवतात आणि सगळे मिळून गातात. तिच्या पणजोबांच्या घरात मंडळी जमू लागली, तेव्हापासूनची ही रीत. वाजवायला पेटी नाही. पहिला सूर ग्रोझ्दाच धरायची.

तिला पुरतानाही सगळे सवयीने तिच्याच सुरासाठी थांबले. शेवटी म्हातारा मिते पुटपुटला, "नाउम, तुझी बायको आज उशीर करतेय रे," आणि रडत, बेसूरच गाऊ लागला.

आई, ओह्रिदच्या तुझ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये एक मेणबत्ती लाव. आमच्या मंडळीला सांगू नकोस.

तुझा,
नाउम