सरव्याचे पैसे

माय, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. एक तर तुला वाचता येत नव्हतं, आणि अंगणवाडीच्या रजिस्टरांतून माझी मान वर होत नाही. पण आज बसले, कारण दादाच्या घरातली एक गोष्ट माझ्या पोटात मावेनाशी झाली आहे आणि गावात ती सांगावी असं माणूस नाही. लेक डोळ्यासमोर राहावी म्हणून तूच मला गावातच दिलीस ना, मग ऐक आता.

हल्ली सरकार बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे टाकतं. खोटं नाही सांगत. तुम्ही दोघं जोडीनं कापूस वेचायला जायचात आणि बाजाराच्या दिवशी शेतमालक दोघांची मजुरी बाबाच्या हातावर ठेवायचा. तुझी वेचणी जास्त भरायची, तरी चहापत्तीलासुद्धा तुला मागावं लागे, आणि तो म्हणे, परवाच तर आणली. तुझे म्हणावे असे पैसे फक्त सरव्याचे. शेवटची वेचणी झाली की कपाशीच्या पऱ्हाटीवर उरलंसुरलं बोंड तू वेचून आणायचीस, दुकानात घालायचीस, आणि मिळेल ते बियाण्याच्या तुरीच्या डब्यात तळाशी, कडुनिंबाच्या पाल्याखाली ठेवायचीस. आता तुझ्या वयाच्या बाया कोणाला न विचारता पायात चप्पल घेतात. आमच्या आळीतली एक म्हातारी बाजारात स्वतःच्या पैशानं भजी खाऊन आली, तर दोन दिवस मला तेच सांगत होती. या सगळ्या बायांचे फॉर्म मी भरले आहेत. मला त्याचा गर्व होता, कशाला लपवू?

फक्त वहिनीचे पैसे येईनात. तू पाहिलीस तेव्हा ती नवी नवरी होती, आता तिला जवळचं दिसत नाही. तिच्या कापसात वाळलेल्या पानांचा चुरा येतो, मालक सगळ्यांसमोर बोलतो, बाया हसतात. पहिल्या पैशाचा चष्मा घेणार, असं तिनं ठरवलेलं. दोनदा बँकेत जाऊन आली, पासबुक कोरंच. मग एक दिवस अंगणवाडीत, चार बाया बसलेल्या असताना म्हणाली, "बाई, फॉर्म तं तुम्हीच भरला होता." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पैसे आले असतीन, तूच कुठंतरी दाबून ठेवले असतीन." ती पोरांच्या खिचडीची डाळ निवडायला मला मदत करत होती, तशीच करत राहिली. असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

म्हणून गेल्या मंगळवारी मीच तिला बाजाराच्या गावी, बँकेच्या सेवा केंद्रावर घेऊन गेले. तिचा अंगठा तिसऱ्यांदा उमटला आणि मशीनमधून चिठ्ठी निघाली. मी वाचली. पैसे दर महिन्याला येत होते, पण दुसऱ्याच बँकेतल्या खात्यात. पिकाच्या नुकसानभरपाईच्या वेळी दादानं तिच्या नावानं एक खातं काढलं होतं, तिचं आधार तिथं जोडलं गेलं होतं. फॉर्मवर मी कुठलाही नंबर लिहिला तरी पैसे तिथंच जाणार. हे मला ठाऊक असायला हवं होतं, मी विचारलंच नाही. आणि आलेले पैसे दर महिन्याला कार्डानं निघतही होते. ते कार्ड दादाच्या खिशात असतं. बाहेर आल्यावर वहिनीनं चिठ्ठी हातभर लांब धरली, उन्हाकडे केली, आणि मग माझ्याकडे दिली. "काय लिहिलं हाय, बाई?" मी म्हटलं, मशीन बिघडली आहे, पुढच्या बाजारी येऊ. चिठ्ठी घडी करून बटव्यात टाकली. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसून मिरच्यांचा भाव काय झाला ते सांगत होती आणि मी हं हं म्हणत होते.

संध्याकाळी दादाला गाठलं. तो सोयाबीनवर मारायचा नवा बॅटरीचा पंप धूत होता. त्यानं नाही म्हटलंच नाही. "घरातच तं लागले. मी काय पेलो का त्याचे?" खरंच, पीत नाही तो. मी म्हटलं, पण तिचे होते ना, दादा. त्यानं पंपातलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाला, "तिले सांगू नोको, बाई. मायनं त्या डब्यापायी मले मारलं होतं, तवा तू एकटीच पाणी घेऊन आलती."

दादानं मार खाल्ला त्या दिवशी बाबा अंगणात बसला होता, माय. त्यानं मला जवळ घेतलं आणि विचारलं, तुझी माय लय हुशार हाय म्हणते लोकं, खरं का? मला इतका आनंद झाला. किती हुशार ते दाखवायला मीच त्याचा हात धरून त्याला तुरीच्या डब्यापाशी नेलं. त्यानं पैसे काढून घेतले. डबा दादानंच दाखवला असं समजून तू त्याला तुराटीच्या काठीनं मारलंस, तो दिवसभर म्हणत राहिला, म्या नाही सांगतलं. मी दाराआडून ऐकत होते. पाणी नेलं ते त्याच्यासाठी नाही, मला तिथं उभं राहवत नव्हतं म्हणून.

उद्या मंगळवार. वहिनीनं सकाळीच पिशवी काढून ठेवली आहे, मशीन सुरू झाली का म्हणून दोनदा विचारून गेली. जायच्या आधी दादाला डब्याचं सांगायचं आणि मग वहिनीला चिठ्ठी वाचून दाखवायची, असं ठरवलं आहे. ठरवलं तर गेल्या आठवड्यातही होतं. आधी तुला सांगितलं, कारण तू उलटून काही बोलणार नाहीस.