शहाबादी फरशीवरचा सहा

अण्णा,

परवा माझ्या छातीचा फोटो काढला. काळजी करू नका, म्हणजे आता तुम्ही ती करूही शकत नाही, पण खोकला साधाच आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हल्ली ती काळी फिल्म हातात देत नाहीत, पडद्यावरच बरगड्या दाखवतात. यंत्रावरचा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, "आजी, जुना एक्स-रे आहे का घरी? असला तर शेजारी ठेवून बघता येतं." त्याचं काही चुकलं नाही, पण मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. मी नाही म्हणाले, घरी आले, कपाटातलं खाकी पाकीट काढून मांडीवर घेतलं आणि तेव्हापासून हे लिहिते आहे. पाकीट तुमच्या ओळखीचं आहे. त्यात तुमचीच छाती आहे, कापलेली.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. मोडनिंबकडचे आपले पाहुणे खडी फोडायला जात होते आणि आपण सोलापुरात मिलच्या चाळीत राहतो म्हणून आपल्याला नशीबवान समजत होते. तुम्ही कार्डिंग खात्यात. कापूस विंचरून त्याचे पेळू करणाऱ्या यंत्रांचं ते खातं. पाळी सुटली की तुम्ही दारात उभे राहायचात, भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या, आणि आई पदरानं तुम्हाला झाडायची, जशी गोधडी झाडतात तशी. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तुमची छाती हमखास आवळायची, मग पुढे जरा सैल व्हायची. अख्ख्या चाळीला याची इतकी सवय होती की त्या दिवशीच्या खोकल्याला कुणी खोकला म्हणतच नसे. पण त्या वर्षी तुमची छाती आठवडाभर सैल होईना. जिना चढून आलात की उंबऱ्यावर बसून राहायचात आणि आम्ही काही विचारलं तर नुसता हात वर करायचात, थांबा म्हणून.

आई मागे लागली होती. "अवो, खातं बदलून मागा की. कापडाच्या घड्या घालायचं काम मागा. तितं धूळ न्हाय." तुम्ही मिलच्या दवाखान्यात गेलात, सिव्हिलमध्ये जाऊन छातीचा फोटो काढून आणलात आणि मिलच्या डॉक्टरांना दाखवलात. ते म्हणाले, जपून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरा काढू, दोन्ही शेजारी ठेवले की किती वाढलंय ते दिसेल, मग मी खातं बदलायला लिहितो. तुम्ही घरी येऊन हे आईला जसंच्या तसं सांगितलंत. पाकीट देवाच्या तसबिरीमागे गेलं. आईनं त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आता माझ्या खेळाचं सांगते, कारण सगळं तिथून फाटलं. आमच्या खेळाच्या बाई म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. शाळेमागच्या माळावर मातीपेक्षा दगड जास्त. खो-खो खेळून आमचे गुडघे सोलून निघायचे आणि मैदानावर मारायला पाणी कुठलं, प्यायलाच नव्हतं. तेव्हा बाईंनी रबरी रिंग घेऊन एक नवाच खेळ काढला. एका ठिकाणी उभं राहून रिंग फेकायची, लांब रोवलेल्या खांबात अडकवायची, जमेपर्यंत रिंग जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. मग पुढच्या ठिकाणी जायचं. अशा नऊ जागा, सगळ्या माळाला वळसा घालून. कमीत कमी फेकीत जी संपवेल ती जिंकली. मला तो खेळ यायचा, अण्णा. धावण्यात मी कधी कुणाच्या पुढे नव्हते, पण रिंग माझं ऐकायची. वारा कुठून आहे ते मला गालावर कळायचं. आयुष्यात पहिल्यांदा मुली माझ्याकडे बघून थांबायला लागल्या होत्या.

पण उभं कुठे राहायचं यावरून रोज भांडण. बाईंनी पुठ्ठ्याच्या पाट्या लावल्या, त्या शेळ्यांनी खाल्ल्या. खोक्याच्या फळ्या ठोकल्या, त्या त्या वर्षी कुणाच्या तरी चुलीत गेल्या. मी घरी येऊन रडले. तुम्ही तेलाचा डबा कापून, ठोकून सपाट करून पत्र्याच्या पाट्या केल्यात, आणि चारच दिवसांत आपल्याच चाळीतल्या एका छपराला ठिगळ म्हणून चढलेला आपला 'तीन' तुम्ही मला बोट करून दाखवलात आणि खोकला लागेपर्यंत हसलात. "चांगली वस्तू ठेवली की जाती," तुम्ही म्हणालात. "आता कुनालाच नको असलेल्या वस्तूची करू." मग फरशीवाल्याच्या वखारीमागे पडलेले शहाबादीचे तुटके तुकडे तुम्ही एकेक करून सायकलच्या कॅरियरवर आणलेत. पैसे पडले नाहीत. कोपरे उडालेले, वेडेवाकडे, ज्यांना कुणी फुकटसुद्धा उचलत नव्हतं असे.

त्यावर आकडे नीट एकसारखे यायला हवेत हा तुमचा हट्ट. पुठ्ठ्याचा साचा रंगानं भिजून लगदा व्हायचा. तुम्ही बराच वेळ तसबिरीकडे बघत बसलात. मी समोर होते, मला आठवतं. मग पाकीट काढलंत. आई ओरडली, "अवो, त्यो फोटो हाय! डॉक्टरनं जपून ठिवाय सांगितलाय." तुम्ही तिला समजावलंत, अगदी शहाण्या माणसाच्या आवाजात. "आगं, फोटोवाल्याकडं कसं, निगेटिव्ह त्येंच्याकडंच ऱ्हातंय की. आपल्या लग्नाचा फोटो फाटला तवा दुसरा दिलाच की त्यानं. लागला तर सिव्हिलवाले बी देतील." आईला हे पटलं. मलाही पटलं. लग्नाचा दुसरा फोटो भिंतीवर होताच.

तुम्ही फिल्मवर खडूनं नऊ घरं आखलीत, तीन आडवी, तीन उभी, आणि दाढीच्या पात्यानं आकडे कापलेत; घरं सुटी केलीत ती नंतर, एकेका दगडाला एकेक तुकडा लागला तेव्हा. फिल्म उजेडाला धरली की बरगड्यांमधून एक, दोन, तीन दिसायचे. सहा बरोबर काळजावर आला. तुम्ही म्हणालात, "हे बग, ह्यो तुजा," कारण सहाव्या जागेवरून माझी रिंग एकाच फेकीत अडकायची. मग फरशीवाल्याची छिन्नी मागून आणलीत. साच्यातून रंगानं आकडा उमटवायचा आणि त्याच रेघांवर हलक्या हातानं छिन्नी चालवायची. नुसता रंग उन्हात उडतो, खोदलेलं राहतं, म्हणून. आकड्याखाली बाण, खांब किती पावलांवर आहे ते, आणि वाट जिथे वळते तिथे तसाच वळण घेतलेला चर. शेवटी त्यात डांबर भरायचं.

दोन ठोके मारलेत की तुम्ही भुकटीवर फुंकर मारायचात. शहाबादीची ती राखाडी पिठी उडून तुमच्याच तोंडावर यायची. मी हे लिहिताना तुम्ही चाळीच्या ओट्यावर बसलेले आहात, पायांच्या अंगठ्यात दगड धरलाय, आणि आई दारातून म्हणते आहे, "कापूस कमी पडला व्हय, आता दगूड खाताय?" तुम्ही मान वर करत नाही. पहिल्या दगडाला तुमची फुंकर लांबपर्यंत जायची. आठव्याला ती दगडाच्या कडेपर्यंतच पुरली. नवव्याला तुम्ही छिन्नी चालवायचात आणि फुंकर मी मारायचे. मला वाटलं, मला कामात घेतलंत. मी किती जोरात फुंकायचे.

सगळे दगड माळावर अर्धे पुरून झाले त्या दिवशी बाई स्वतः चाळीत आल्या. तुमच्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "आता या पाट्या माझ्यानंतरही टिकतील." तुम्ही संकोचून उभे राहिलात, बाईंना बसायला सांगायचंही विसरलात. मिलमध्ये इतकी वर्षं काढलीत, पण केलेल्या कामाबद्दल कुणी तुमच्यासमोर हात जोडलेले मी तेवढेच पाहिले.

मग सहा महिने भरले, ती सकाळ. आईला ताप होता म्हणून तुमच्यासोबत मिलच्या दवाखान्यात मी आले. नवा फोटो डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर लावला आणि विचारलं, "मागचा कुठंय?" तुम्ही पिशवीतून पाकीट काढलंत आणि टेबलावर एकेक तुकडा मांडलात, ओळीनं, जसे शाळेत आकडे मांडतात. डॉक्टरांनी पाच उचलला, सहा उचलला. "हे काय केलंत?"

"निगेटिव्ह आसंल की तितं," तुम्ही म्हणालात.

"अहो, हेच निगेटिव्ह होतं."

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही हात पुढे करून ते तुकडे जवळजवळ सरकवायला लागलात, कडेला कड लावून, जणू भोकं बुजतील. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुकडे स्वतःच काचेवर धरून पाहिले. पण जिथे बघायचं होतं नेमकं तिथे आकडे होते. नव्या फोटोत छाती खराब होती, पण ती कधीपासून आणि किती झपाट्यानं, हे सांगायला जुनं काही उरलं नव्हतं. मग त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, "मिलच्या बाहेर काही करता का? धुळीचं काम?"

नाही म्हणायचं होतं, अण्णा. एवढंच होतं. तुमच्यामागे रांगेत उभा असलेला कुणीही नाही म्हणाला असता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि इतका वेळ पडलेला तुमचा चेहरा उजळला. म्हणालात, "व्हय की. हिच्या शाळंसाटी दगूड घडवलं. सगळं ह्या हातानं. बाईंनी लई नावाजलं." डॉक्टरांचं पेन थांबलं. तुमची सुटका व्हावी म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, "एखादाच ना?" तर तुम्ही म्हणालात, "न्हाय, नऊ बी मीच केलं."

"मग यात मिलचा कापूस किती आणि तुमचा दगड किती, हे मी कसं लिहू?" ते म्हणाले. आणि त्यांनी दगडाचं लिहिलं.

खातं बदललं नाही. त्यानंतर तुम्ही दोन दिवाळ्या पाहिल्यात, दुसरी बसल्या बसल्या, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. गेलात त्या दिवशीही तुमच्या कानाच्या पाळीत कापूस होता. आईनं तो काढला नाही. पुढे ती मला कधी वाईट बोलली नाही, पण एकदा भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "रबराच्या एका कड्यापायी मानूस गेला माजा." मी रिंग पुन्हा हातात घेतली नाही. मी जन्मभर लोकांना सांगत आले की माझे वडील मिलनं मारले. ते खरंच आहे. पण मिलविषयीचा राग जेवढा होता त्याहून जास्त तुमच्यावर होता, त्या एका 'व्हय की'वर. लेकरंबाळं झाली, आई गेली, तरी भाकरी थापताना मधेच मी मनातल्या मनात तुम्हाला विचारायचे, कशापायी सांगितलंत?

मागच्या वर्षी त्या बाजूला गेले होते. मिल बंद पडून केवढा काळ लोटला. माळावर घरं झालीत. एका नळापाशी एक बाई धुणं धूत होती आणि ती ज्यावर कपडे आपटत होती त्या दगडाचा एक कोपरा उडालेला होता. मी थांबले. फेस ओसरला तसा आकडा दिसला. डांबर कधीच गेलं होतं, पण खोदलेलं जसंच्या तसं, बाणासकट. ती म्हणाली, "काय बगताय, मावशी? लई वर्साचा दगूड हाय. किती बी घासा, आकडा जाईना." तो सहाच होता. मी तिला काही सांगितलं नाही. तिच्या पोरानं मला पाणी आणून दिलं, ते पिऊन परत आले.

हे पत्र आता पाकिटातच ठेवते, सहाच्या तुकड्यापाशी. धाडायचं तरी कुठे. एक मात्र मी आईलाही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही 'नऊ बी मीच केलं' म्हणालात ना, तेव्हा मला भीती वाटली नव्हती. तुम्ही काय गमावलंत ते मला जिना उतरताना कळलं. पण त्या घटकेला मी तुमच्या शेजारच्या स्टुलावर ताठ बसले होते, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं.