आईचे लग्नातले बूट

ब्रुसेल्स, ८ ऑक्टोबर १९६८

चि. मार्थास अनेक आशीर्वाद.

तुझ्या गावच्या दफनभूमीत आईला नुसत्या मोज्यांवर पुरलं, ते डोळ्यांपुढून हलत नाही. लग्नातले बूट घालून मला निरोप द्या, एवढंच तिचं मागणं होतं. बाबांनी त्यांना कबुतराची पिसं चिकटवून ‘नवरी उडाली’ ही कलाकृती केली, तेव्हा ती महिनाभर रुसली होती. मग तीच कौतुकाने सगळ्यांना दाखवायची. बाबांच्या कलाकृती जमवणाऱ्या त्या लाम्ब्रेख्तने ते प्रदर्शनापुरते म्हणून नेले आणि आपल्या संग्रहात कुलपात ठेवले.

काल मागायला गेले. म्हणाला, बाई, हे आता बूट नाहीत, स्वप्न आहे. आणि तुमच्या आईला पायताणातला न् कलेतला फरक कधी कळलाच नाही! शनिवारी त्याच्याकडे संग्राहकांची मेजवानी आहे. कलावंताची लेक म्हणून शोभेला मलाही बोलावलंय. जाणार आहे.

तुझी माया पाठीशी असू दे.
ओडील ताई

ओस्टेंड, १० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

भांडू नकोस. भांडलीस की तुला रडू येतं आणि समोरचा जिंकतो. शाळेत सिस्टर क्लोटिल्डनी डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवलं होतं, तशी वाग. पण बूट आणच. इकडे कोळंबी छान आलीये. आलीस की तिचे खुसखुशीत क्रोकेट तळीन.

धाकटीचा विसर नसावा.
मार्था

ब्रुसेल्स, १४ ऑक्टोबर

चि. मार्थास अ. आ.

भांडले नाही. कॉफीनंतर त्याने ऐटीत कपाट उघडलं, म्हणाला, हात लावून बघा. मी खुर्ची ओढली, माझे बूट काढले, आईचे चढवले. अगदी बेतून केल्यासारखे बसले गं! पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग. टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्यामुळे बिचाऱ्याला ओरडताही येईना. ताठ मानेने जिना उतरले आणि पिसं गाळत ट्राममध्ये बसले.

सकाळी तो दारात हजर. बूट कुठेत, म्हणाला. मी म्हटलं, जिचे तिला पोचवले.

तुझ्या क्रोकेटवर डोळा ठेवून,
ओडील ताई

ओस्टेंड, ३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा सर्व संतांच्या सणाला शेवंती घेऊन आईच्या थडग्यावर गेले, तर लाम्ब्रेख्त तिथे! चिखलात गुडघे टेकून माती चाचपत होता. आपल्या स्वयंपाकघरात आईसमोर टोपी न काढणारा माणूस, टोपी छातीशी धरून! म्हणाला, दर रविवारी आगगाडीने येतो. मी म्हटलं, येत जा, आईला बरं वाटेल.

त्याला वाटतंय ते आईच्या पायात आहेत, तर बूट तुझ्या कपाटातच असू देत. हिवाळाभर टेकू दे त्याला गुडघे. वसंतात आपण दोघी मिळून ते आईला देऊ.

आहे तो जिव्हाळा असाच जप.
मार्था