यमक मोडलं तरी चालेल

डोंबिवली, मंगळवार, दिवेलागणीनंतर

खिळा लाल झाला. मी चुकलो, तेही नातीसमोर.

मुक्ता दहावीला आहे. रासायनिक अभिक्रियांचे प्रकार तिला पाठ होतात, कळत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी मी ते ओवीत बांधून देतो. विस्थापनाची ओवी तर माझी लाडकी: 'तांबे बसले घरात, लोह पळाले दारात.' आज मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा घासून टाकला. थोड्या वेळाने बघतो तर निळाई फिकी आणि खिळ्यावर तांबं! मुक्ताच आधी म्हणाली, म्हणजे लोखंडानेच तांब्याला हाकललं. यमकाच्या नादात मी उलटं शिकवलं होतं.

मुक्ता हसून लोळली. "आजोबा, तुमचं तांबंच बेघर झालं की!"

चिरंजीव ऐकत होते. "बाबा, पुरे आता. परवापासून ती ठाण्याला क्लासला जाईल. तिला मार्क हवेत, कविता नकोत."

का जाईल? आणि माझी चूक पकडली कोणी? तिनेच ना? नुसती घोकंपट्टी करणारीला दिसली असती?

मी सांगून टाकलं, "ओवी दुरुस्त होईल, बंद होणार नाही." मुक्ताने लगेच लिहिलं: 'लोह शिरले पाण्यात, तांबे आले खिळ्यावर.' यमक गेलं. जाऊ दे.

तो लाल खिळा चिरंजीवांच्या गाडीच्या किल्लीशेजारी ठेवलाय. सकाळी क्लासचं नाव काढलंच, तर खिळा लाल का झाला, ते मुक्ता आधी त्यांना विचारणार आहे.