दाबलं की तुझं, सोडलं की माझं

बाबा,

परवाच्या रविवारी आई माळावर आली होती. तुम्ही असताना ती एकदाही आली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा नुसतं बघायलाही न आलेली आई परवा विमान उडवायला आली होती. त्याबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट मांडावी लागेल, कारण एवढी वर्षं मी ती कुणापुढे मांडलेली नाही.

मी तेरा वर्षांची असताना, जानेवारीतल्या एका रविवारी, तुमचं पिवळं विमान माळावर नीट उतरलं. ते मी उतरवलं की तुम्ही, एवढाच प्रश्न आहे. बाहेरच्या माणसाला तो प्रश्नच वाटणार नाही. मुलीच्या हातात रिमोट होता, विमान उतरलं, म्हणजे मुलीने उतरवलं. पण रिमोट दोन होते. एक माझ्या हातात, एक तुमच्या, आणि दोघांना जोडणारी वायर. तुमच्या रिमोटवर वरच्या कडेला स्प्रिंगचा एक छोटा स्विच होता. पहिल्या दिवशीच तुम्ही सांगितलं होतं, "दाबलं की तुझं, सोडलं की माझं." तुमचं बोट स्विचवर दाबलेलं असेल तोवर विमान माझं ऐकायचं. मी चुकले की तुम्ही बोट उचलायचात आणि विमान त्याच क्षणी तुमचं व्हायचं. आवाज नाही, दिवा नाही. शिकणाऱ्याच्या हाताला काहीही कळत नाही. रिमोटवरची स्टिक, म्हणजे विमान वळवायची दांडी, तशीच हलत राहते, फक्त ती कशालाच जोडलेली नसते.

मी आता अंबडला एका कारखान्यात चाचणी विभागात काम करते. एखाद्या निकालामागे दोन कारणं असू शकत असतील तर त्या निकालावर मी सही करत नाही. हाताखालची पोरं वैतागतात. त्यातला एक माझ्यामागे म्हणाला, "मॅडम स्वतःच्या वाढदिवसाचापण पुरावा मागतील." मला ऐकू आलं होतं. त्याचं चूक नाही. पण एका निकालावर मी केव्हाच सही करून बसले आहे, आणि माझं बाकीचं बरंच काही त्यावर उभं आहे. मामा म्हणत होता मुलीला कॉमर्सला घाला, तेव्हा मी त्याला त्या दिवसाबद्दल सांगितलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं की पूर्णपणे स्वतःच्या जोरावर केलेली पहिली गोष्ट कोणती, तेव्हाही तेच सांगितलं. समोरचे तिघेही हसले, चांगल्या अर्थाने. नोकरी मिळाली.

तुम्ही स्वयंपाकघरात विमानं बांधायचात, कारण घरातलं एकमेव मोठं, सपाट टेबल तिथे होतं. बाल्साच्या लाकडाचा भुसा इतका हलका की पंखा लावला की पोळ्यांवर जाऊन बसायचा. विमानाच्या नकाशावर फक्त उजवा पंख छापलेला असायचा. डावा करायचा तर कागद उलटा करायचा, पण उलट्या बाजूने रेघा दिसत नाहीत. म्हणून कागदाला तेल चोळायचं, म्हणजे तो पारदर्शक होतो आणि रेघा पलीकडून दिसतात. तुम्हाला हे पहिल्या विमानाच्या वेळी माहीत नव्हतं. तुम्ही त्याच कागदावर, त्याच बाजूने, एकामागून एक दोन पंख केलेत, आठवडेच्या आठवडे बसून, आणि जोडायला घेतलेत तेव्हा दोन्ही उजवे निघाले. आई भाजी चिरत होती. तिने एकदाच वर बघितलं.

"आता अजून एक विमान करा," ती म्हणाली. "त्याला दोन्ही डावे लावा. जोडीने उडतील."

तुम्ही इतके हसलात की खुर्चीवरून उठावं लागलं. पुढच्या विमानाला तुम्ही तिचं शेंगदाण्याचं तेल वाटीत घेऊन बसलात, तेव्हा ती म्हणाली, "कागदाला फोडणी देताय, आणि माझं वरण कोरडं." पण वाटी तिनेच भरून दिली होती. मी टेबलाच्या टोकाला बसून कागदावर कापसाचा बोळा फिरवते आहे. वर्तमानपत्रात भजी ठेवल्यावर अक्षरं जशी पलीकडून दिसतात, तसा पंख हळूहळू वर येतो आहे. हे सगळं मला स्वच्छ आठवतं. म्हणूनच त्या एका मिनिटाबद्दल काही आठवत नाही याची चीड येते.

आठवत नाही असंही नाही. दिसलंच नव्हतं. त्याचं कारण तुम्हीच. शिकायला लागले तेव्हा मी एकदा मान वळवून तुमच्या बोटाकडे बघितलं होतं. विमान माझ्याकडे आहे का, एवढंच बघायचं होतं. तेवढ्यात ते कलंडलं, तुम्ही ते बाभळीच्या वरून कसंबसं ओढून काढलंत, आणि तुमचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "माझ्याकडे काय आहे? विमान तिकडे आहे! पुन्हा खाली बघितलंस तर वायर काढून ठेवीन." त्यानंतर मी कधी बघितलं नाही. माळावरचा हा नियम बरोबरच आहे. एकदा नजर सुटली की विमान कुठल्या तोंडाने चाललंय तेच कळत नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी वारा आडवा होता. विमान वळून आपल्याकडे तोंड करून आलं. असं आलं की त्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं, आणि नव्या माणसाचा हात हमखास उलटा जातो. त्यावर तुमचा तोडगा होता: जो पंख खाली पडेल, स्टिक त्याच बाजूला ढकलायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी, डोकं लावायचं नाही. डावीकडचा पंख पडला. मी स्टिक डावीकडे ढकलली. पंख उचलला गेला. चाकं टेकली, मुरुमावर थोडी थरथरली, विमान थांबलं. तुमचे मित्र, जुन्या नाशकातले स्कूटर दुरुस्त करणारे चाचा, तोंडातला तंबाखू थुंकून म्हणाले, "उस्ताद, लडकीने तो धूळ पण नाही उडवली!" मी विमानावरची नजर काढली आणि तुम्हाला विचारलं, "बोट उचललं होतं?" तुम्ही म्हणालात, "नाही. तूच उतरवलंस." त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

दोन वर्षांपूर्वी मी ते पिवळं विमान माळ्यावरून काढलं. पंखावरचं प्लास्टिकचं पातळ कव्हर सुरकुतलं होतं, ते इस्त्रीने ताणून घेतलं. जुनी बॅटरी मेली होती, तिच्या तारांना हिरवी बुरशी चढली होती. आता लिथियमची बॅटरी असते. हलकी आणि ताकदवान, पण लाडावलेली. भरलेली ठेवली की फुगते, रिकामी ठेवली की मरते, म्हणून अर्धी भरून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. चार्ज करताना सोडून जायचं नाही. मी शेजारी उभी असते. आई म्हणते, "दूध तापत ठेवल्यासारखी उभी राहतेस."

खरं सांगायचं तर मी विमान काढलं ते चाचणीसाठी. मला बघायचं होतं की मी एकटी, वायरशिवाय, उतरवू शकते का. नाही उतरवू शकले. प्रोपेलर मोडले, चाकांची तार वाकली, एकदा नाकाचा पुढचा भाग नव्याने बांधावा लागला. दर वेळी एकाच ठिकाणी: विमान माझ्याकडे तोंड करून आलं की हात उलटा जायचा. वर्षभराने जमायला लागलं. पण यातून काहीच सिद्ध होत नाही. सवय सुटली होती असंही म्हणता येतं, आणि कधी आलंच नव्हतं असंही. मग मी चाचांना गाठलं. ते आता माळावर येत नाहीत, गुडघे गेले आहेत. दुकानात मुलगा बसतो, हे बाजूला खुर्ची टाकून त्याला शिव्या घालतात. मी विचारलं, त्या दिवशी बाबांचं बोट स्विचवर होतं का?

"बेटा, मैदानात सगळे वर बघतात," ते म्हणाले. "बोटाकडे कोण बघणार?"

म्हणजे साक्षीदार नाही. मी तिथे होते, चाचा तिथे होते, आणखी चारपाच जण होते, आणि आम्ही सगळे शिकवल्याप्रमाणे वर बघत होतो.

आता आई. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या आठवड्यात ती घरभर हिंडून कोळ्यांची जाळी शोधत होती आणि मला दाखवत होती. मग एक दिवस म्हणाली, "एवढी वर्षं नुसता भुसा झाडला. आता दिसतंय तर बघू तरी, काय होतं त्यात." पहिल्या रविवारी ती खुर्चीवर बसून बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या हातात दे." आता दोन रिमोट वायरशिवायही जोडता येतात, पण स्विच तसाच असतो. मी तिला सगळं समजावलं, तुमच्याच शब्दांत. एक मात्र राहिलं. विमानावरून नजर काढायची नाही, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, डोळे असलेल्या कुणाला हे सांगावं लागत नाही.

मी विमान उंच नेलं आणि स्विच दाबला. तिने चांगलं सांभाळलं. पोळी लाटताना तिचे हात जसे हलके असतात, तसेच. मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी बोट उचलायचं नाही, आणि उचललं तर सांगायचं. शेवटच्या वळणानंतर विमान आमच्याकडे तोंड करून आलं. पंख पडला. ती स्टिक हलवेना. मी बोट उचललं असं म्हणता येणार नाही; ते उचललं गेलेलं होतं आणि विमान माझ्या हातात होतं. मी ते सरळ केलं, टेकवलं. ते थांबेपर्यंत माझी नजर त्याच्यावर होती.

"मी उतरवलं?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"खोटारडे. बोट उचललंस तू."

मी तिच्याकडे बघितलं. "तुला कसं कळलं?"

"बघत होते ना."

"आई, विमानाकडे बघायचं असतं!"

"विमानाला काय बघायचंय? ते पडलं तर पडलं. मी तुझ्या हाताकडे बघत होते." मग तिने रिमोट माझ्याकडे दिला. "आणि हो कशाला म्हणालीस?"

गाडीत पंख मागच्या सीटवर आडवा ठेवला होता, ती त्याला एका हाताने धरून बसली होती. नाशिक रोडचा पूल आला तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी बाबा घरी येऊन काय म्हणाले होते. ती म्हणाली, "पेढे घेऊन आले. पोरीने विमान उतरवलं म्हणाले."

"खरं होतं का ते?"

"मला काय माहीत. मी कुठे आले होते?" मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "आले असते तर सांगितलं असतं."

मी त्यावर विचार करते आहे. त्या माळावर तुमच्या बोटाकडे बघितलं असतं असं जगात एकच माणूस होतं, आणि ते त्या सकाळी घरी होतं. आता हे कुठल्याही मार्गाने कळणार नाही. मी खोटं बोलले म्हणून तुम्हीही बोललात, असं सिद्ध होत नाही. असा निष्कर्ष कुणी माझ्यासमोर ठेवला तर मी तो परत पाठवीन. पण 'हो' म्हणताना मला काहीच करावं लागलं नाही, बाबा. मी, जी कुणाला अर्धा शब्द वाढवून देत नाही. ते आपोआप तोंडातून आलं, आणि तिचा प्रश्न संपतो न संपतो तोच आलं. तुमचं 'नाही' किती पटकन आलं होतं, ते मला आठवतं. तेव्हा मला तो पटकनपणाच पुरावा वाटला होता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ही अडचण खरी नाही. तुम्ही असतात तरी मी ते पाठवलं नसतं. तुमचं उत्तर आलं असतं, तेच एका ओळीचं, आणि मी ते मानलं असतं.