तिसरी पट्टी

६ जानेवारी, मंगळवार

चहा नाकारला. तीनदा. 'अवो मॅडम, च्याला कोण लाच म्हणतं?' — कारखान्याचे मालक मोहनराव. मी म्हणाले, आमचा नियम म्हणतो. आणि थर्मास दाखवला. ते त्याच्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांच्या दारात चूल मांडली होती.

बारामती एमआयडीसीतला हा कारखाना मुळात शेततळ्याचा कागद बनवणारा. कागद म्हणजे जाड प्लास्टिक. गरम हवेच्या यंत्राने पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या, की थेंब गळत नाही. आमच्या प्रयोगशाळेला हवा आहे फ्लोट. हवा भरलेला, पाण्यावर स्थिर राहणारा. त्याच्याखाली आवाज टिपणारं यंत्र लटकतं. संरक्षण संशोधनाचं काम. बाकी कुणाचा जोड दाबाखाली टिकला नाही, यांचा टिकला. म्हणून निविदा न काढता काम थेट यांना.

दुसरा पुरवठादार नाही, म्हणजे तुलना नाही. तुलना नाही म्हणून मी. बसायचं, पाहायचं, मोजायचं, कळवायचं. मागवलेले चारही फ्लोट फेब्रुवारीअखेर पास झाले तर पुढचं मोठं काम यांनाच. नाहीतर खुली निविदा, आणि मोठ्या कंपन्यांपुढे हे उभे राहणार नाहीत. मोहनरावांना ते माहीत आहे. मलाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आज चहाऐवजी पेरू. कापून, तिखटमीठ लावून, माझ्या टेबलावर. हात लावला नाही. दुपारी यंत्रावरच्या सिंधुबाई समोर येऊन बसल्या आणि एकेक फोड मला दाखवत सगळा खाल्ला. 'नियमाला चव न्हाय व्हय?'

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अवघड दिवस. तिळगूळ नाकारणं म्हणजे भांडण. रात्रीच यावर विचार करून ठेवला होता — नियम घेण्याबद्दल आहे, देण्याबद्दल नाही. आईने केलेले लाडू डबाभर नेले आणि प्रत्येकाला स्वतः दिले.

सिंधुबाई: 'घेणार न्हाय, पर देणार? लई शानी हाय ही.'

मोहनरावांचा पुतण्या यशराज इथला उत्पादन इंजिनिअर. एरवी कामापुरतंच बोलतो. लाडू घेतला, खाल्ला, हात पुसले. म्हणाला, 'म्हणजे गोड आम्ही एकट्यांनीच बोलायचं.' आणि ड्रॉइंगकडे वळला.

मी हसले नाही. घरी येताना बसमध्ये हसले.

२० जानेवारी, मंगळवार

हिशेब तपासणारे फडतरे सर पुण्याहून आले. सगळी बिलं, सगळे तास पाहिले. शेवटी पेन बंद केलं. 'एकच पुरवठादार. एकच तपासणारी. तीही शेजारच्या इंदापूरची. बघा, कसं दिसतं ते.' राग आला. दाखवला नाही.

'इथं कुणी नात्यातलं?'

'नाही.'

'सोयरिकीतलं?'

'नाही.'

'उत्तर बदललं तर त्याच दिवशी कळवायचं. दुसऱ्या दिवशी कळवलं तरी लपवलं असंच धरतो आम्ही.'

मग माझ्या थर्मासातला चहा मागून घेतला. त्यांनाही इथला चालत नाही. फाटकाबाहेर उभं राहून प्यायलो. ते झाकणातून, मी कपातून. आतून मोहनराव कुणाला तरी सांगत होते, 'बघ रं, सरकार उनात उभं राहून च्या पितंय.'

२७ जानेवारी, मंगळवार

भिगवणला पहिली चाचणी. वाटेत समोरून माळेगावच्या साखर कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक, ओव्हरटेक अशक्य. धरणाच्या पाण्यात अबरारची होडी ठरवलेली. तो मासे धरतो, आज आमचे फ्लोट धरले.

गळती शून्य. दाब उत्तम. मोहनरावांनी काठावर पेढ्यांचा बॉक्स उघडायला घेतला.

पण प्रत्येक फ्लोट कलतो. तीन अंश, नेहमी एकाच बाजूला. मर्यादा एक अंशाची आहे. फ्लोट कलला की खालचं यंत्र वळतं, आणि आवाज कुठून आला ते चुकीचं सांगतं. वाटलं माझं मोजमाप चुकलं. उपकरण बदललं. तीनच. बॉक्स पुन्हा बंद झाला.

२८ जानेवारी, बुधवार

पोचले तेव्हा यशराज फाटकातच उभा. 'तिसरी पट्टी आहे. चारही फ्लोटवर. रात्री एक कापून पाहिला.'

ड्रॉइंगमध्ये जोडावर दोनच पट्ट्या आहेत. तिसरी एका अंगाला आतून मारलेली, बाहेरून दिसत नाही. त्या बाजूला फ्लोट ताठ होतो, म्हणून कलतो.

मी विचारलं, 'मला का सांगितलं?' गुपचूप नवे करून आणले असते तर मला कळलं नसतं. हे खरं आहे, मी मनाशी दोनदा तपासलं.

'तुम्ही मोजत बसला असता,' तो म्हणाला. 'उगाच.'

चारही नापास केले. लेखी.

२९ जानेवारी, गुरुवार

सिंधुबाईंशी बोलले. त्यांनीच मारली होती, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

'शेततळ्याला मी वरनं एक पट्टी मारतेच, पोरी. ज्वारी मोजून दिली तरी वर मूठभर टाकत्यात का न्हाय? ह्ये तर देशाचं काम. त्याला मापात कसं देऊ?'

'देशाला दोनच पट्ट्या हव्यात.'

'एवढा गरीब हाय का?'

मोहनराव मधेच: 'मजबूत केलं म्हणून नापास? लई अभ्यास केला म्हणून शाळंत कुणाला नापास करत्यात का?' मी समजावलं — दोन पट्ट्यांवर फ्लोट टिकतो का, हाच तर प्रयोग आहे. तिसरी मारली की प्रश्नच पुसला जातो. त्यावर सिंधुबाई म्हणाल्या, 'म्हंजी माझ्या दोन पट्टीवर तुमचा इश्वास हाय?'

मी हो म्हणाले. तपासनीसाने असं बोलू नये. बोलले.

३० जानेवारी, शुक्रवार

आज चहा विचारला नाही. नाकारायला काहीच नव्हतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चहा विचारला! नाकारला. सगळं सुरळीत.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी. आईने तीन स्थळं काढून ठेवलीत. कन्हेरीचं डाळिंबाच्या बागेचं, पुण्यातलं संगणकाचं, आणि एक बँकेचं. बँकेचं येऊन गेलं. पोहे चांगले झाले होते.

'तू त्याला इचारलंस काय गं? घामेघूम होऊन गेला.'

'चूक झाली तर कुणाला सांगतोस, एवढंच.'

'मग?'

'म्हणाला, माझ्याकडून होत नाहीत.'

आई म्हणाली, दोघांना अजून बघ, आणखी एक येतंय. 'चार बघावीत, मग ठरवावं. एकच बघून हो म्हणतं का कुणी?' आई खुल्या निविदेच्या बाजूची आहे. मी वाद घातला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवे फ्लोट सुरू. सिंधुबाई दोन पट्ट्या मारतात आणि यंत्र बंद करून हात मागे बांधतात. 'धरा मला कुणी तरी.' यशराज प्रत्येक जोड मोजतो, मग मी मोजते. आकडे जुळतात. पाचव्या जोडाला त्याने त्याचा आकडा सांगितलाच नाही, आधी माझा ऐकला. मीही सहाव्याला तेच केलं. दुपार बरी गेली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भिगवण, दुसरी चाचणी. ऊन स्वच्छ, वारा नाही. मोहनरावांनी या वेळी पेढे आणले नव्हते — मागच्या वेळी पेढ्यांनीच नजर लावली म्हणे. सिंधुबाई काठावर, तोंडावर पदर.

पहिला पास. दुसरा पास. तिसरा पास. अबरार: 'मॅडम, एखादा नापास करा ना, जाळ्याला बांधतो.'

चौथाही पास. सगळ्यात वाईट कल अर्धा अंश. गळती नाही. दोन पट्ट्यांवर. सिंधुबाईंनी पदर काढला आणि मोहनरावांना म्हणाल्या, 'उगाच इतकी वर्सं जास्तीची पट्टी मारली म्हणायची.' मोहनरावांनी रस्त्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना तळलेली चिलापी मासळी खाऊ घातली. मी माझा डबा खाल्ला. कुणी आग्रह केला नाही. सवय झाली त्यांना. ते मला का आवडलं नाही, कळलं नाही.

आता इथंच लिहिते. चौथा फ्लोट पाण्यात सोडला तेव्हा पडद्यावर आकडा आला होता. मी आधी यशराजकडे पाहिलं. आकडा नंतर वाचला. असं मी कधी करत नाही.

अहवाल तयार आहे. सही तेवढी राहिली.

२४ फेब्रुवारी, पुन्हा

सही केली नाही. फडतरे सरांना फोन केला — उत्तर बदललं, आजच.

'समोरच्याला माहीत आहे?'

'नाही.'

'म्हणजे आधी मला सांगताय?'

'तुम्ही त्याच दिवशी म्हणाला होतात.'

ते खोकले. हसले असावेत. शुक्रवारी दुसरा तपासनीस येईल, चारही फ्लोट पुन्हा पाण्यात जातील, हे काम आता माझ्याकडे नाही, मी तिथे नसेन. जोड खरे आहेत. माझ्याशिवायही टिकतील.

मग यशराजला फोन. पुन्हा चाचणी द्यावी लागेल, मी म्हणाले, कारणासकट. त्याने मागचं यंत्र बंद केलं.

'म्हणजे आता चहा चालेल?'

मी चालेल म्हणाले.