आष्टामोडची शपथ

सोमवार, २१ मार्च २०१६. उदगीर.

उदगीरकरहो, आपल्या प्रत्येक मोठ्या कागदाला लातूरचा शिक्का लागतो. त्या शिक्क्यासाठी पाऊणशे किलोमीटर बस आपली हाडं खिळखिळी करते. साहेब जागेवर नसतो. आपण परत येतो. हे किती दिवस सोसायचं?

(ही रोजनिशी कुणी वाचू नये. इतिहासकारांची गोष्ट वेगळी. सुरुवात भाषणासारखी झाली, कारण आवाज वापरात ठेवला नाही तर बसतो.)

मी गुरुबसप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा मागणी समितीचा अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी लातूरला जाताना आष्टामोडला भर उन्हात बसमधून उतरलो आणि तिथल्या तिथे शपथ घेतली: उदगीर जिल्हा होईपर्यंत लातूरची पायरी चढणार नाही. नंतर समितीच्या सगळ्यांनी हात वर करून तीच शपथ घेतली. आजवर मोडलेली नाही.

संकल्प: रोज एक पान लिहिणे. संताप फक्त व्यासपीठावर. पाण्याची टाकी दिवसातून एकदाच बघणे.

मंगळवार, २२ मार्च.

टाकी बघितली. झाकण नीट बसलं नसावं असं वाटलं म्हणून पुन्हा बघितली. नंतर पुन्हा. सौ. उमादेवी म्हणाली, अहो, बघून पाणी वाढत नाही, झाकण मात्र झिजून राहिलंय. तिला दुष्काळाचं गांभीर्य नाही.

गुरुवार, २४ मार्च.

एक डॉक्टरीण भेटायला आली. सौदामिनी मॅडम. औषधाच्या नाहीत, मनाच्या. दुष्काळी भागातल्या लोकांच्या मनात भीती घर कशी करते आणि ती कशाने कमी होते, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. दर गुरुवारी उदगीरला एका शाळेच्या खोलीत बसतात. महिना झाला, कुणी येत नाही. म्हणाल्या, सर, तुमचा शब्द लोक ऐकतात, भाषणात दोन वाक्यं बोला.

मी दोन वाक्यं मानत नाही. चाळीस मिनिटं बोललो. मनाच्या शास्त्रावर घरात चार जाड पुस्तकं आहेत, त्यांचं सार सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं की सर, बोलताना तुम्ही सारखे दाराकडे का बघता?

हवा येते का ते बघत होतो.

शुक्रवार, २५ मार्च.

समितीच्या बैठकीत आवाहन केलं की मनाचा दवाखाना हा आपला हक्क आहे, सर्वांनी जावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलप्पा, आमचे उपाध्यक्ष, आडत दुकानवाले, म्हणाले, हाव सर, जाऊ की. आधी तुम्ही जा. तुम्ही गेलात तर कुणी येडं म्हणणार न्हाई.

नेत्याला पुढे व्हावं लागतं. जाईन. नमुना म्हणून.

सोमवार, २८ मार्च.

आमच्या लेकीला, सिंधुला, मुलगी झाली. लातूरला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या डॉक्टरांनी शेवटच्या महिन्यात बसचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. योग्य सल्ला. माझ्या मते तो सगळ्यांनाच द्यावा.

उमा पाण्याचे दोन कॅन घेऊन लगेच गेली. लातूरला नळ कोरडे आहेत आणि बाळंतिणीच्या घरी पाणी जास्त लागतं.

फोनवर सिंधुला शपथेची आठवण करून दिली. ती म्हणाली, अप्पा, शपथ तुमची, तुम्ही पाळा. तुम्ही आल्याशिवाय पोरीचं नाव ठेवणार नाही. राहू दे बिननावाची.

हट्टी आहे. कुणावर गेली कळत नाही.

गुरुवार, ३१ मार्च.

नमुना म्हणून सौदामिनी मॅडमकडे गेलो. आष्टामोडला काय झालं ते सांगा म्हणाल्या. मी अन्याय, अनुशेष, निजामापासूनचा इतिहास अशी मांडणी सुरू केली. त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, इतिहास नको, छातीत काय झालं ते सांगा.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. बस गच्च भरली होती. छाती धडधडली, हात बधिर झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आता संपलं असं वाटलं. ओरडून बस थांबवली. खाली उतरताच पाच मिनिटांत बरं वाटलं. पुढे हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. म्हणजे तो सात्त्विक संतापच होता.

मॅडम म्हणाल्या, हृदय चांगलं आहे, मनाची घंटा उगीच वाजते. उतरलं की जीव हलका होतो, आणि ते हलकं वाटणंच पुढच्या वेळच्या भीतीला खाऊ घालतं. दोन वर्षं तुम्ही तिला पोटभर जेवण दिलंत सर.

मी म्हटलं, माझी शपथ आहे. त्या म्हणाल्या, हाव, लई मोठ्ठं ताट आहे ते.

ही बाई उदगीरची नाही, पण बोलते उदगीरची असल्यासारखी.

सोमवार, ४ एप्रिल.

उमा परत आली. मुलगी माझ्यावर गेली म्हणे. विचारलं, कपाळ? म्हणाली, न्हाई, आवाज.

गुरुवार, ७ एप्रिल.

मॅडमच्या संशोधनात दोन गट आहेत. एकाला शांत बसून श्वास घ्यायला शिकवतात. दुसऱ्याला ज्याची भीती त्याच्याकडे थोडं थोडं नेतात. मला दुसऱ्यात टाकलं. मी म्हटलं, मी तिसऱ्या गटात, डॉक्टरांचा अभ्यास करणाऱ्यांच्या. त्या हसल्या, पण गट बदलला नाही.

माझ्या पायऱ्या: बसस्टँडवर उभं राहणे. थांबलेल्या बसमध्ये बसणे. नळेगावपर्यंत जाऊन येणे. मग लातूर. अटी: दाराजवळची जागा नाही. भाषण नाही. भाषण म्हणजे तुमची कुबडी आहे, म्हणाल्या. घाबरलात तर शेजाऱ्याला सरळ सांगायचं की मला भीती वाटते, आणि बसून राहायचं. लाट चढते तशी उतरते, फक्त तुम्ही आधी उतरू नका.

कुबडी. माझ्या भाषणाला. दहा हजारांच्या सभा केल्यात मी.

शपथेचं काय, हे विचारलं. त्या म्हणाल्या, नातीला विचारा.

शुक्रवार, ८ एप्रिल.

पहिली पायरी पार. बसस्टँड समोरच्या चहाच्या टपरीवरून संपूर्ण दिसतं.

रविवार, १० एप्रिल.

दुसरी पायरी पार. बसमध्ये बसलो. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तेव्हा उतरलो, कारण पायरी थांबलेल्या बसची होती. नियम म्हणजे नियम.

मंगळवार, १२ एप्रिल.

मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. उमा माझ्याकडे न बघता म्हणाली, एवढ्या लांबून पाणी पोचलं बघा.

मी टाकी बघायला गेलो.

गुरुवार, १४ एप्रिल.

मॅडमना प्रगती सांगितली. त्यांनी टपरीचं ऐकून घेतलं, इंजिनचंही. मग माझ्यासोबत स्टँडवर आल्या आणि सुरू असलेल्या बसमध्ये शेजारी बसून राहिल्या, बस सुटेपर्यंत. छाती धडधडली. बोलायला तोंड उघडलं की त्या बोट ओठांवर ठेवत. काही वेळाने धडधड कमी झाली. आपोआप. पुस्तकांत हे होतं, पण मी त्याखाली रेघ मारली नव्हती.

रविवारी बारसं. जाणार. शपथेचा अर्थ मी नव्याने लावला आहे: पायरी चढणार नाही म्हटलं होतं, आणि जावयाचं घर तळमजल्यावर आहे.

रविवार, १७ एप्रिल. नळेगाव.

बस चांगली चालली होती. नळेगावला उतरलो. इथे जनसंपर्क कमी पडतोय असं जाणवलं. उमा कॅन आणि पाळण्याची झालर घेऊन त्याच बसने पुढे गेली. खिडकीतून तिने मागे बघितलं नाही.

उसाच्या रसाच्या गाड्यावर तीन माणसांना जिल्ह्याचा प्रश्न समजावला. एकजण झोपला होता.

संध्याकाळी सिंधुचा फोन. बारसं पुढच्या रविवारी ढकललंय. सासूबाई कुरकुर करून राहिल्यात, म्हणाली, पाहुणे परत गेले. आवाज रडका नव्हता, दमलेला होता. अप्पा, एवढं सांगा, तुम्हाला यायचंय का?

यायचंय, असं म्हटलं. पुढे सुचलं नाही. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं.

शनिवार, २३ एप्रिल.

निर्धार: उद्या लातूर. मधली जागा. तोंड बंद. शपथ मोडल्याचं समितीला कळू नये म्हणून तोंडाला उपरणं गुंडाळणार.

रविवार, २४ एप्रिल. लातूर.

ऐतिहासिक दिवस. घडलं तसं लिहितो.

मधल्या रांगेत बसलो, उमा खिडकीशी. दुसऱ्या बाजूला एक माणूस डबा मांडीवर घेऊन येऊन बसला. म्हणाला, सर, उन्हात उपरणं काय गुंडाळलं, गुदमरंल की. मलप्पा.

पोरगं लातूरला शिकवणीला आहे, दर रविवारी डबा घेऊन जातो, दोन वर्षं झाली. मी विचारलं, शपथ? म्हणाला, सर, शपथ आम्ही तुमच्यासाठी घेतली होती, तुम्ही एवढ्या जीव तोडून सांगत होता. मागे बघा. मागे खजिनदार होते, सासऱ्यांचे डोळे डॉक्टरांना दाखवायला निघालेले. त्यांनी नमस्कार केला. त्यांच्या मागे महिला आघाडी होती.

म्हणजे दोन वर्षं एकट्यानेच पाळली.

आष्टामोड जवळ आला. हात बधिर. अंधारी. मी उठलो, भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आलं. उमाने उपरण्याचं टोक धरलं, ओढलं नाही, फक्त धरून ठेवलं. मी खाली बसलो आणि मलप्पाला म्हणालो, मला भीती वाटते.

कशाची?

या बसची.

मलप्पाने विचार केला. म्हणाला, मला लिफ्टची वाटते सर. पोराची शिकवणी चौथ्या मजल्यावर हाय, मी डबा खालीच ठेवतो. मग त्याने डबा उघडून एक धपाटं दिलं. ते खाऊन होईपर्यंत आष्टामोड मागे गेला होता. मला कळलंही नाही.

बारसं झालं. नाव महानंदा. मी सुचवलेलं नाव उदयगिरी, ते आत्याने ऐकून घेतलं आणि महानंदा कानात सांगितलं. मांडीवर घेऊन नातीला चार शब्द सांगायला लागलो तर तिने असा सूर लावला की मागच्या खोलीतले पाहुणेही गप्प झाले. उमाचं बरोबर होतं. आवाज.

भीती समूळ नष्ट. मॅडमना तसं कळवलं, मलप्पाच्या लिफ्टचंही सांगितलं.

मंगळवार, २६ एप्रिल. लातूर.

परत जायचं होतं. पण महानंदाला माझ्या मांडीची सवय लागली आहे. अशा वेळी जाणं बरं नव्हे.

बुधवार, २७ एप्रिल. लातूर.

स्टँडपर्यंत गेलो. उदगीरची बस फार भरलेली वाटली. पुढचीही.

इथे टाकीचं झाकण सैल आहे. दोनदा बघितलं. जावई काही बोलत नाही, भला माणूस.

शुक्रवार, २९ एप्रिल. लातूर.

मलप्पाचा फोन. एक मेला उदगीरला मोर्चा आहे, तहसीलसमोर सभा, मुख्य वक्ते तुम्ही. कुठे आहात? मी म्हटलं, आंदोलनाच्या कामासाठी अज्ञातवासात आहे. मलप्पा म्हणाला, सर, परवा तुम्ही लातूरच्या स्टँडवर चार बस सोडल्या, मी पाचव्या बशीत होतो. हात केला, तुम्ही बघितलं न्हाई.

शनिवार, ३० एप्रिल २०१६. लातूर.

लातूरकरहो, उदगीर तुमच्यापासून पाऊणशे किलोमीटर दूर आहे. तिथे जायचं तर बस हाडं खिळखिळी करते. पाणी नाही, ऊन मरणाचं. अशा काळात माणसाने आहे तिथेच राहावं. जोपर्यंत उदगीर जिल्हा होत नाही तोपर्यंत उदगीरची पायरी

इथपर्यंत लिहिलं आणि मॅडमचा फोन आला. मी म्हटलं, नवी शपथ घेतो आहे. त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, सर, रस्ता तोच आहे, फक्त तोंड दुसरीकडे केलंय. भीतीला दोन्ही दिशा कळतात. भीती समूळ वगैरे जात नाही. तिला घेऊन बसमध्ये बसायचं, एवढंच आमच्या हातात आहे. आणि लिफ्टवाल्यांना गुरुवारी पाठवा.

वरची शपथ खोडावी का? राहू दे. इतिहासकारांना हसू द्या.

उमा आत झालरीच्या घड्या घालते आहे. ओरडून सांगायला गेलो तर महानंदा उठेल, म्हणून इथे लिहितो आणि पान तिच्यापुढे धरतो:

उमा, सकाळच्या पहिल्या बसने जायचं आहे. पुढे होऊन जागा धर. दाराजवळची नको. मधली धर. आणि उपरण्याचं टोक तुझ्याच हातात ठेव.